दिशादर्शक नकाशा निवडताना

नागपूरच्या वर्धा मार्गावर एकाच जागी तीन मजले आहेत. खाली जुना रस्ता, त्यावर ३.१४ किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. हा पूल नोव्हेंबर २०२०मध्ये वाहतुकीला खुला झाला. ऑक्टोबर २०२४मध्ये कामठी मार्गावर ५.६७ किलोमीटरचा तसाच दुसरा पूल आला. वाहनचालकांची सोय झाली, मात्र मोबाइलवरील दिशादर्शकापुढे पेच उभा राहिला. उपग्रहांच्या संकेतांवरून आडवे स्थान मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत कळते. उंची तितक्या नेमकेपणाने कळत नाही. शिवाय पुलाखालच्या रस्त्यावर डोक्यावरच्या काँक्रीटमुळे आकाशच झाकले जाते. त्यामुळे मोटार पुलावर आहे की पुलाखाली, हे नकाशाला बव्हंशी अंदाजानेच ठरवावे लागते. तो अंदाज चुकला, की खालच्या चौकातून डावीकडे वळण्याची सूचना पुलावर ऐकू येते!

अशा वेळी अनेकांच्या मनात 'गूगल मॅप्स'ला पर्याय शोधण्याचा विचार येतो. तो शोधताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अ‍ॅप बदलल्याने उपग्रह बदलत नाहीत. स्थान सांगणारी चिप मोबाइलमध्येच असते आणि सारी अ‍ॅप तिचाच आधार घेतात. बदलतो तो नकाशा, मार्ग काढण्याची रीत आणि वाहतुकीच्या माहितीचा स्रोत. म्हणून एकाच घराण्यातली दोन अ‍ॅप बाळगण्यात फारसा लाभ नाही. 'वेझ'चेच उदाहरण घ्या. हे अ‍ॅप वेगळे वाटले, तरी २०१३पासून ते गूगलच्याच मालकीचे आहे.

भारतीय पर्यायांत 'मॅपल्स' हे नाव पहिले येते. 'मॅपमायइंडिया' ही कंपनी १९९५पासून नकाशांच्या व्यवसायात आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम सैल केले आणि भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीविना तपशीलवार नकाशे तयार करण्याची मुभा मिळाली. त्यानंतर अशा कंपन्यांना बळ मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रस्ते वाहतूक मंत्रालय आणि 'आयआयटी मद्रास' यांच्या सहकार्याने या अ‍ॅपची रस्ता सुरक्षेची सेवा विनामूल्य खुली झाली. पुढे गतिरोधक, तीव्र वळण किंवा अपघातप्रवण जागा असल्यास ते आगाऊ सूचना देते. मोठ्या चौकाचे किंवा पुलाच्या तोंडाचे चित्रही दाखवते. दुमजली पुलावर चढावे की खालून जावे, हा निर्णय चालकाला पुलाच्या तोंडाशीच घ्यायचा असतो. तेव्हा हे चित्र शंभर मीटर आधी दिसलेले बरे.

दुसरे घराणे 'ओपन स्ट्रीट मॅप'चे. इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेला हा नकाशा जगभरातील स्वयंसेवक मिळून तयार करतात. 'ऑर्गॅनिक मॅप्स', त्यातून २०२५मध्ये फुटून निघालेले 'कोमॅप्स' आणि 'ऑस्मअँड' ही अ‍ॅप त्यावरच चालतात. त्यांना खाते उघडावे लागत नाही. मुख्य म्हणजे, नकाशा एकदा उतरवून घेतला की मार्ग मोबाइलमध्येच निघतो. इंटरनेट लागत नाही. नागपूरकरांना याचा उपयोग शहराबाहेर पडल्यावर कळतो. जबलपूरकडे जाताना मनसर, देवलापार मागे पडले की पेंचचे जंगल लागते, आणि जंगलात नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हे नकाशे प्रदेशांनुसार उतरवावे लागतात. केवळ महाराष्ट्राचा नकाशा घेऊन निघालेल्याची वाट खवासाच्या सीमेवर संपते. मध्य प्रदेशचा नकाशा आधीच घ्यायला हवा.

या घराण्यातील मोठी उणीव म्हणजे वाहतूक कोंडीची माहिती. सायंकाळी सीताबर्डीत किती खोळंबा आहे, हे 'ऑर्गॅनिक मॅप्स' सांगू शकत नाही. त्यामुळे शहरातील रोजच्या धावपळीत ते एकट्याने पुरे पडणारे नाही. दोन्ही गुण काही प्रमाणात हवे असतील, तर 'हिअर वीगो' आहे. त्यात नकाशा उतरवून घेता येतो आणि इंटरनेट असल्यास कोंडीही दिसते. हा नकाशा नोकियाकडून २०१५मध्ये तीन जर्मन मोटार कंपन्यांनी विकत घेतला होता.

पत्त्यांचा प्रश्न वेगळाच. नागपूरचा पत्ता प्लॉट क्रमांक, ले-आऊट आणि जवळचा चौक असा असतो, आणि एकाच नावाचे ले-आऊट एकाहून अधिक निघू शकतात. डाक विभागाने मे २०२५मध्ये आणलेला 'डिजिपिन' येथे कामी येऊ शकेल. दहा अक्षर-अंकांचा हा संकेत सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन नेमका दाखवतो. पाहुण्यांना तो कळवला, तर निदान गल्ली तरी चुकणार नाही.

सर्वांत गंभीर बाब राहतेच. जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली मोटार रात्री मोबाइलच्या मार्गदर्शनावर चालली होती. ती धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील पुराने तुटलेल्या पुलावरून मोटार कोसळून तिघे दगावले. नकाशात पूल होता, प्रत्यक्षात नव्हता. ही उणीव कोणत्याही एका अ‍ॅपची नाही. बंद झालेल्या रस्त्याची वार्ता नकाशापर्यंत पोहोचत नाही, तोवर प्रत्येक अ‍ॅप तेथूनच वाट काढणार. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा रस्ते काही तासांत बदलले. विदर्भात पावसाळ्यात ओढ्यांवरचे ठेंगणे पूल तर दरवर्षी पाण्याखाली जातात. रात्री, पावसात, अनोळखी आडवाटेने 'दहा मिनिटे वाचतील' असे अ‍ॅप सुचवत असेल, तर ती दहा मिनिटे सोडून द्यावीत आणि राज्यमार्ग धरावा.

समृद्धी महामार्गावर उलट अडचण आहे. तेथे ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते, त्यामुळे एक फाटा हुकला की पुढच्या फाट्यापर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नसते. नागपूरहून शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये आणि मुंबईकडचा अखेरचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. महिनोन्‌महिने न अद्ययावत केलेला नकाशा मोबाइलमध्ये असेल, तर त्यात असे नवे रस्ते सापडणार नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर नकाशा ताजा करावा आणि उतरण्याच्या फाट्याचे नाव कागदावर टिपून ठेवावे.

वाहन चालवताना मोबाइल हातात धरण्यास कायद्याने मनाई आहे. ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या नियमांनी मार्गदर्शनासाठी त्याच्या वापरास मुभा दिली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. तेव्हा मोबाइल काचेजवळच्या धारकात बसवावा, मार्ग गाडी सुरू करण्यापूर्वीच टाकावा आणि सूचना आवाजावर ठेवाव्यात. नवे अ‍ॅप प्रथम ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहावे. वर्धा मार्गावर एकदा पुलावरून आणि एकदा पुलाखालून गेले, की त्या अ‍ॅपचा कस लगेच लागतो.