वसमतच्या पट्ट्या व परवाने : एका दुर्लक्षित साधनाचें वाचन

इतिहाससाधनांचा संग्रह करणाऱ्या मंडळींची दृष्टि सनदा, महजर, निवाडपत्रें व पोथ्या यांवर सहज स्थिरावते. ज्या कागदावर शिक्कामोर्तब नाहीं आणि ज्यांत कोणा पराक्रमी पुरुषाचें नांव नाहीं, तो कागद रद्दींत जातो. लहान गांवच्या नगरसभेचीं इतिवृत्तें, परवान्यांच्या नोंदवह्या व बाजारफीच्या पावत्या हे असेच निराश्रित कागद होत. गांवच्या बाजारावर वस्तुतः अंमल कोणाचा होता, हें सनदेपेक्षां पावती अधिक खरें सांगते, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. मात्र ती पावती वाचण्यास कालगणना, नाणें, शब्द व कायदा या चार गोष्टींची ओळख हवी. वसमतच्या उदाहरणानें हेंच येथें दाखवावयाचें आहे.

नगरसभेनें व्यवहार मान्य करावा व तो नोंदून ठेवावा, ही चाल आपल्या देशांत नवी नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जामात उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्यानें भिक्षूंच्या चीवरादि खर्चासाठीं ३००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. पैकीं २००० वर दरमहा दरशेंकडा १ व १००० वर पाऊण असें व्याज ठरलें. हा व्यवहार निगमसभेंत वाचून दाखविला गेला व फलकावर निबद्ध झाला, असें त्या लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. तो फलक केव्हांच नष्ट झाला. शिळा राहिली म्हणून आपणांस ती सभा ठाऊक. वसमतच्या सभेसाठीं कोणी शिळा कोरलेली नाहीं. तिचे फलक म्हणजे या वह्याच होत.

वसमतचें स्थान प्रथम ध्यानांत घ्यावें. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या पाथरी सरकारांतील महालांमध्यें वसमतचें नांव येतें. पुढें हा मुलूख निजामाकडे गेला. इ. स. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, परंतु पैनगंगेच्या दक्षिणेकडील हा भाग निजामाकडेच राहिला. जवळच्या हिंगोलीस कंटिंजंट फौजेची छावणी असली, तरी मुलकी कायदा हैदराबादचाच चालला. म्हणून पुण्यास किंवा वाशिमास लागू पडणारे म्युनिसिपल कायद्यांचे दाखले वसमतच्या कागदांस लावणें ही मूळांतच चूक होय.

सर्वांत जुना थर वतनाचा. पेठेचा शेट्या व महाजन हे वतनदार असत. दुकानांपासून व आठवड्याच्या बाजारापासून त्यांस हक्क मिळे, आणि कारागिरांवर मोहतर्फा हा सरकारी कर बसे. येथें घेणाऱ्याचा अधिकार वंशपरंपरेचा असल्यामुळें वादहि वंशाचा होई. गोत जमवून महजर होत असे, तो हक्क कोणाचा हें ठरविण्यासाठीं. घेतलेल्या पैशाच्या मोबदल्यांत पेठेस काय मिळालें, हा प्रश्न त्या कागदांत क्वचितच येतो.

दुसरा थर निजामी लोकलफंडाचा. इ. स. १८६५ पासून पहिल्या सालारजंगानें जिलाबंदी केली. त्यानंतर शतकाच्या अखेरच्या पावशतकांत जमीनमहसुलावर रुपयास एक आणा पट्टी बसून जिल्ह्यांत व तालुक्यांत बोर्डें स्थापन झालीं. जिल्हाबोर्डाचा अध्यक्ष अव्वल तालुकदार, तर तालुकाबोर्डाचा तहसीलदार. या सभांत विचारविनिमय होई, परंतु तो नेमलेल्या सभासदांचा. बाजाराची तहबजारी बहुधा लिलावानें गुत्त्यास दिली जाई. सबब पावतीवर गुत्तेदाराची सही दिसली म्हणून त्यास जुन्या शेट्याचा वारस मानूं नये. एकाचा हक्क पिढीजात, दुसऱ्याचा मुदतीपुरता.

या थरांतील कागदांत संग्राहकास चकविणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पहिली कालगणना. मराठी दप्तरांतील फसली वर्ष मृगापासून चालू होतें. निजामी कचेरींतील फसली आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरांत, सुरू होई. त्या सालांत डिसेंबर अखेरपर्यंत ५९० व नंतर ५९१ मिळविले कीं इसवी सन निघतो. खुरदाद १३३९ म्हणजे इ. स. १९३० चा एप्रिल-मे. दुसरी गोष्ट नाणें. हाली सिक्क्याचे ७ रुपये म्हणजे कलदार ६. तेव्हां एका वहींत सात रुपये असलेली परवाना-फी पुढील वहींत सहा दिसली, तर सभेनें सवलत दिली असें अनुमान करण्यापूर्वीं नाणें पाहावें. तिसरी गोष्ट भाषा. इ. स. १८८४ च्या सुमारास सरकारी दप्तरांत फारसीच्या जागीं उर्दू आली, पण व्यापाऱ्याची खतावणी मराठींत व मोडींत चाले. एकाच व्यवहाराचीं दोन अंगें दोन लिप्यांत सांपडण्याचा संभव असतो. त्यांची जोड लावल्यावांचून कोणतेंहि एक पुरें नव्हे.

चौथी गोष्ट खात्यांचा भेद. करोडगिरी ही संस्थानची सरहद्द-जकात, आणि आबकारी हेंहि संस्थानचेंच उत्पन्न. त्यांच्या पावत्या गांवसभेच्या म्हणून नोंदूं नयेत. वसमत हळदीच्या पेठेसाठीं प्रसिद्ध. तेथील अडत्याचा परवाना पाहतांना १३३९ फसलीचा हैदराबादचा शेतमाल बाजार कायदा व त्यानंतरचा महाराष्ट्राचा इ. स. १९६३ चा कायदा आठवावा. हा परवाना बाजारसमितीचा, नगरपालिकेचा नव्हे. शब्दहि फसवे आहेत. कौटिल्याचा शुल्काध्यक्ष नगरद्वारीं जें घेतो तें शुल्क म्हणजे आपली जकात. आजच्या शासकीय मराठींत शुल्क म्हणजे फी. जुन्या शब्दावरून नवी संस्था ओळखूं जाणारा येथें हटकून घसरतो.

तिसरा थर निवडलेल्या सभेचा. सप्टेंबर १९४८ त निजामी राजवट संपली. इ. स. १९५१ चा हैदराबाद म्युनिसिपल व टाउन कमिटी कायदा, मग १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा, आणि त्यानंतर महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, असे तीन कायदे थोड्या वर्षांत एकापाठीं एक आले. त्याच अवधींत मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. कर बसवावयाचा तर सभेनें ठराव करावा, नियम प्रसिद्ध करावे, रहिवाशांच्या हरकती मागवाव्या व वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, असा क्रम आला. इ. स. १९५४ त शिरूर मठाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें कर व फी यांचा भेद सांगितला : कर सर्वसाधारण खर्चासाठीं, फी विशिष्ट सेवेच्या मोबदल्यांत. पुढील निवाड्यांत ही अट सैल झाली, परंतु प्रश्न कायम राहिला. बाजारांत बसणाऱ्या भाजीवालीपासून पैसा घेतला, तर तिला ओटा, पाणी व झाडलोट मिळाली काय? शेट्याच्या महजरांत जो प्रश्न क्वचितच येई, तो आतां सभेच्या इतिवृत्तांत यावयास हवा. तो आला कीं नाहीं, हेंच संशोधकानें पाहावयाचें.

आणि येथेंच खरी अडचण आहे. सरकारी दप्तराचें अ, ब, क, ड असें वर्गीकरण होतें. महत्त्वाचे मानलेले कागद कायम ठेवतात व अल्प मुदतीचे नष्ट करितात. त्यामुळें ठराव बहुधा टिकतो, पावती टिकत नाहीं. ठरावावरून सभेची इच्छा कळते. वसूल किती, कोणाकडून व कोणत्या दरानें झाला, हें पावतीवांचून कळत नाहीं. इ. स. १९९९ त नगरपरिषदांची जकात बंद झाली, त्याच वर्षीं १ मे रोजीं परभणीपासून हिंगोली जिल्हा निराळा झाला. अशा प्रसंगीं नाक्यावरच्या वह्या निरुपयोगी ठरतात आणि दप्तरें एका कचेरींतून दुसरींत जातात. निरुपयोगी ठरलेला कागद फार काळ जागा अडवीत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच. वसमतचा असा कागद हातीं आला तर तो सुटा ठेवूं नये. एका सालचा ठराव, त्याच सालची परवान्यांची नोंदवही व त्याच सालच्या दहापांच पावत्या एकत्र बांधाव्या. वर फसली व इसवी दोन्ही सालें, नाणें आणि लागू असलेला कायदा लिहावा. व्यापारी घराण्यांच्या खतावण्यांत जुन्या पावत्या अद्यापि टाचलेल्या असण्याचा संभव आहे. त्या फाडून काढूं नयेत, जागच्या जागीं नकलून घ्याव्या. अशीं पंचवीस सालें जुळलीं, तर वसमतचा बाजार वतनदाराकडून गुत्तेदाराकडे व गुत्तेदाराकडून निवडलेल्या सभेकडे कसा गेला, आणि त्या फेऱ्यांत ओट्यावर बसणाऱ्याचें देणें घटलें कीं वाढलें, हें पुराव्यानिशीं सांगतां येईल.