दोन पायऱ्या, तीन पायऱ्या : गणितातलं द्वैत

मागच्या व्याख्यानात आपण जॉर्ज बूलपाशी थांबलो होतो. आज शीर्षकात 'द्वैत' वाचून कुणाला मध्वाचार्य आठवले असतील, तर त्यांना आजच्यापुरतं बाजूला ठेवू. इथे द्वैत म्हणजे एकच रचना दोन भाषांत मांडणं. एका भाषेत अडलेलं दुसरीत सुटतं.

१९३६ साली मार्शल स्टोननं दाखवलं की प्रत्येक बूलीय बीजगणित हे कुठल्यातरी संचाच्या काही उपसंचांचंच बीजगणित असतं. पुढच्या वर्षी त्यानं त्या संचाला संस्थितीही दिली. माणूस मुळात हिल्बर्ट अवकाशातला! (१९८९ मध्ये त्याचं निधन आपल्याकडे, मद्रासला झालं.) वितरणशील लॅटिससाठीचं त्याचं द्वैत मात्र हाताळायला अवघड होतं. १९७० मध्ये हिलरी प्रीस्टली यांनी अवकाशावर क्रमही ठेवला आणि वाट मोकळी झाली.

आता एक प्रश्न घेऊ. रचनेचं स्वतःतच जाणारं, तिच्या क्रिया न मोडणारं चित्रण म्हणजे एंडोमॉर्फिझम. रचनेच्या क्रियांपासून बनलेलं फलन अशा प्रत्येक चित्रणाशी जुळतं : आधी चित्रण, मग फलन, किंवा उलट, उत्तर एकच. पण सगळ्यांशी जुळणारं प्रत्येक फलन त्या क्रियांपासूनच बनलेलं असतं का? असेल, तर ती रचना एंडोप्रायमल.

दोन पायऱ्यांची शिडी घ्या : ० आणि १. क्रिया दोनच, दोहोंतला लहान आणि दोहोंतला मोठा. एंडोमॉर्फिझम तीन : सगळं जागच्या जागी, सगळं ०, सगळं १. आता तीन आकडे घेऊन त्यांत १ विषम वेळा आला तर १, नाहीतर ०, असं फलन करा. ते तिघांशीही जुळतं. पण (१, ०, ०) ला ते १ देतं आणि (१, १, ०) ला ०, म्हणजे वर चढताना खाली येतं. लहान-मोठ्याच्या क्रिया असं कधीच करत नाहीत. म्हणजे हा तोतया, आणि तिन्ही पहारेकऱ्यांनी त्याला आत सोडलं!

मधे एक पायरी वाढवा. एंडोमॉर्फिझम १० होतात, आणि आता एकही तोतया निसटत नाही. १९९३ साली मार्की आणि पोशेल यांनी सिद्ध केलं : वितरणशील लॅटिसच्या एखाद्या टप्प्यात पूरक नसलेला घटक असेल, तरच ती एंडोप्रायमल. आपली मधली पायरी अगदी तशीच आहे.

पण असं का? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. १९९५ मध्ये डेव्ही, हाविआर आणि प्रीस्टली यांनी सांत लॅटिससाठी उत्तर दिलं : ज्या लॅटिसमध्ये नुसत्या एंडोमॉर्फिझमवर द्वैत उभं राहतं, नेमक्या त्याच एंडोप्रायमल. १० पहारेकऱ्यांचं बळ आलं ते तिथून.