टायरची मोड

लाखनीच्या आमच्या घरी पितळेचा गुंड फुटला की आजी तो फेकत नसे. माळ्यावर मोड साठत राहायची. वर्षा-दोन वर्षांनी ती भंडाऱ्याला कासाराकडे जायची, वजन व्हायचे, घट धरली जायची आणि वर मजुरी देऊन नवा गंज घरी यायचा. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात या व्यवहाराचा पाया एकच होता : पितळ वितळते.

घरापुढचा महामार्ग (तेव्हाचा सहा, आताचा त्रेपन्न क्रमांकाचा) मात्र वेगळीच मोड टाकून जाई. पंक्चरच्या दुकानामागे टायरांचा ढीग वाढत असे. त्यातून चपला, घमेली, जनावरांच्या पाण्याची टोपली कापून निघत. उरलेले हिवाळ्यात शेकोटीत जात. त्या काळ्या धुराने आजीचा दमा उसळायचा. टायरला मोड का नाही, हा प्रश्न मला तिच्या खोकल्याने दिला.

उत्तर 1839 पर्यंत मागे जाते. तोवरचे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयरने ते गंधकासह तापवले आणि 1844 मध्ये पेटंट घेतले. रबराचे रेणू शेवयांसारखे लांब आणि सुटे असतात. गंधक त्यांना जागोजागी गाठी मारतो. ओढले की ताणते, सोडले की मूळ आकारात येते, हा गुण त्या गाठींचा. पण त्याच गाठींमुळे रबर पुन्हा वितळत नाही. तापवत गेले तर विघटते, नाहीतर जळते. ज्या शोधाने टायर शक्य झाला, त्यानेच त्याची मोड अवघड केली.

गाठी सोडवण्याची खटपटही जुनी आहे. हायरम हॉलने 1858 मध्ये वाफेच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले, तर आर्थर मार्क्सने 1899 मध्ये अल्कलीची पद्धत आणली. 1942 मध्ये मलाया जपानच्या हाती गेल्यावर अमेरिकेत घरोघरचे जुने रबर गोळा करण्याची मोहीम निघाली. आपल्याकडे 1974 मध्ये गुजरातेत सुरू झालेल्या जीआरपी या कंपनीने पुढे सोलापूरलाही जुन्या रबरापासून 'रिक्लेम' बनवण्याचा कारखाना काढला.

दुसरी वाट भुकटीची. टायरचे तुकडे करायचे, चुंबकाने पोलाद आणि चाळून धागे वेगळे काढायचे, उरलेले दळायचे. द्रवरूप नायट्रोजनने गोठवले तर रबर काचेसारखे ठिसूळ होते आणि दाणा बारीक येतो. ही भुकटी डांबरात जाते, तशीच वितळलेल्या पॉलिथिनमध्ये किंवा पॉलिप्रॉपिलिनमध्येही मिसळता येते. त्यातून फरशा, चटया, कुंड्या होतात.

मिसळणे सोपे, जुळणे कठीण. प्लॅस्टिक वितळते, रबराचा दाणा मात्र दाणाच राहतो. दोघांच्या सीमेवर पकड नसेल तर वस्तू ताण येताच तिथूनच तुटते. म्हणून दाणा बारीक करतात, त्याच्या पृष्ठभागावरच्या गाठी थोड्या सैल करतात, किंवा दोघांशी सूत जमवणारे रसायन घालतात. मध्यस्थाशिवाय ही सोयरीक टिकत नाही.

2022 मध्ये केंद्र सरकारने टायर उत्पादकांवर जुन्या टायरांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली. 2022-23 साठी 35 टक्के, पुढच्या वर्षी 70 आणि 2024-25 पासून 100 टक्के असे टप्पे ठरले. कासाराच्या तराजूत जे आपसूक होत होते, ते इथे कायद्याने करावे लागले. फुटक्या गुंडाला भाव होता, झिजलेल्या टायरला तो लावून द्यावा लागतो.

तरी एक गोष्ट मला खटकते. पितळेच्या मोडीतून पुन्हा गुंड होतो. टायर-प्लॅस्टिकच्या मिश्रणातून पुन्हा टायर होत नाही. फरशी झिजली की दोन्ही पदार्थ एकमेकांत अडकलेले, वेगळे करायला आणखी अवघड. ही खरी मोड नव्हे, मुदतवाढ आहे. म्हणून टायरवर नवा थर चढवून तो आणखी चालवणे पहिले, गाठी सोडवून रबर परत मिळवणे दुसरे, मिश्रण त्यानंतर, असा क्रम मला पटतो. शेकोटी या यादीत कुठेच नाही.

मुदतवाढही लहान नसते. अंगणात दहा वर्षे पडून राहणारी फरशी म्हणजे दहा हिवाळे न झालेला धूर. आजी असती तर तिने एवढेच विचारले असते : घट किती धरली?