कार्पेंटर, थिओडिशिया

कार्पेंटर, थिओडिशिया : (एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध). डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील यजमान आणि मानलेल्या मावशी. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या रहिवासी. त्या मिशनरी नव्हत्या, डॉक्टर नव्हत्या की कुठल्या चळवळीच्या पुढारीही नव्हत्या. नवरा आणि मुली असा संसार सांभाळणाऱ्या या बाईंनी एका अनोळखी मराठी मुलीला पत्र पाठवले, पुढे तिला आपल्या घरात घेतले, आणि पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक घडण्याची वाट मोकळी झाली. मराठी चरित्रांत आणि नाटक-सिनेमांत त्यांचे नाव येते ते बहुधा मदतनीस म्हणून. प्रत्यक्षात आनंदीबाईंच्या आयुष्याची शेवटची सात वर्षे या बाईंना वगळून सांगताच येत नाहीत.

या ओळखीचे मूळ कोल्हापुरात आहे. टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांनी १८७८ मध्ये रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर हे कोल्हापुरात दीर्घकाळ काम करून अमेरिकेला परतलेले मिशनरी. पत्नीला शिकवायचे आहे, अमेरिकेत आपल्यालाही काही काम मिळेल का, अशी विचारणा त्या पत्रात होती. वाइल्डर यांनी ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि हा सगळा पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापला. जोशी दांपत्याच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला होता. १८८० मध्ये कार्पेंटरबाई राहवे येथील दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो जुना अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी तो वाचला आणि मदतीची तयारी कळवणारे पत्र हिंदुस्थानात धाडले. धर्मांतराची अट त्यात नव्हती.

आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. नवव्या वर्षी लग्न झालेले, चौदाव्या वर्षाच्या आत झालेला मुलगा दहा दिवसांत गेलेला. इंग्रजी नवऱ्याने शिकवलेले, त्याच इंग्रजीत त्यांनी उत्तर दिले. तिथून तीन वर्षे पत्रे चालू राहिली. गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या तसा पत्ता बदलला : भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. हिंदुस्थान १८७६ मध्ये जागतिक टपाल संघात सामील झाला होता, सुएझ कालवाही खुला होता. तरी पत्र जायला महिना-सव्वा महिना आणि उत्तर यायला तेवढाच वेळ. एका प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत ऋतू पालटलेला असे.

या पत्रांत काय नव्हते! हिंदूंचे सण, बालविवाह, बायकांचे आजार, जातीचे निर्बंध, धर्म. कार्पेंटरबाई मोकळेपणाने विचारत आणि आनंदीबाई तितक्याच मोकळेपणाने सांगत. काही चालीरीतींचे त्या ठामपणे समर्थनही करत, आणि समोरच्या बाईंना हे रुचेल का याची भीती त्यांना वाटत नसे. अशी भीती नसणे हेच या नात्याचे खरे बळ. सासर, माहेर, नवरा यांपैकी कुणासमोर आनंदीबाई इतक्या निःसंकोच बोलल्याचे आढळत नाही. कलकत्त्याला असताना डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणाने त्यांना घेरले तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली. गुण आला नाही. पण हजारो मैलांवरून कुणीतरी आपल्या दुखण्याची चौकशी करते आहे, हे त्या मुलीला त्या काळात फार मोलाचे वाटले असणार.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे जाहीरपणे सांगितले; हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही बजावले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. तोवर दोघींनी एकमेकींना पाहिले नव्हते.

रोझेल हे तेव्हा छोटेसे गाव होते, पण एडिसनच्या कंपनीने त्याच वर्षी जानेवारीत तारा खांबांवरून टाकून तिथे विजेचे दिवे लावले होते. त्या दिव्यांच्या गावात नऊवारीतली, शाकाहारी, अठरा वर्षांची मुलगी येऊन राहिली. कार्पेंटरांच्या घराने तिच्या खाण्यापिण्याला, कपड्यांना, देवाधर्माला हात लावला नाही. तिने या घरात स्वयंपाक केला, मुलींना मराठी शब्द शिकवले आणि घरातल्या बाईला मावशी म्हटले. पुढे थंडीमुळे नऊवारीऐवजी पाय झाकले जातील अशा गुजराती पद्धतीने तिने साडी नेसायला सुरुवात केली. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये तिला पोचवायलाही कार्पेंटरबाईच गेल्या. सुट्टी लागली की ती रोझेलला येई.

फिलाडेल्फियाची थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी मुळातच खालावलेली प्रकृती आणखी ढासळली. क्षयाने शरीरात ठाण मांडले. तरीही ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेत पोचले होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ करण्यात आली होती. त्या जागेवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, बाविसावे वर्ष पुरे होण्याच्या आतच.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली गेली आणि वर नाव कोरलेला दगड उभारला गेला. परदेशी जाऊन वैद्यकीची पदवी मिळवणारी ब्राह्मण मुलगी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या थडग्यांमध्ये विसावली, याचे आज आश्चर्य वाटते. त्या कुटुंबाला ते वाटले नसावे. त्यांच्या लेखी घरातलीच एक लेक गेली होती.

आपल्याकडची पत्रे कार्पेंटरबाईंनी जपून ठेवली होती. बॉस्टनच्या लेखिका कॅरोलाइन हीली डॉल यांनी त्यांच्या आधारे लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र १८८८ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र त्यानंतरचे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. मराठी वाचकाच्या मनातली आनंदी-गोपाळ ही जोडी मुख्यतः या कादंबरीने ठसवली आणि तीत नवराच मध्यभागी उभा आहे. रोझेलला गेलेल्या पत्रांत मात्र बोलतात त्या स्वतः आनंदीबाई : कधी हट्टी, कधी आजारी, कधी आपल्या समाजाची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या. अलीकडच्या काळात मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या चरित्राचा आणि पत्रांचा सविस्तर अभ्यास केला तो याच पत्रांकडे परत वळून.