अर्धाध्यक्षीय पद्धती आणि नवी लोकशाही

जनतेने ठराविक मुदतीसाठी थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला जबाबदार असलेले पंतप्रधान व मंत्रिमंडळ, अशी दुहेरी कार्यकारी सत्ता असलेली शासनपद्धती. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हेर्जे यांनी ही संज्ञा रूढ केली. १९८९ नंतर पूर्व युरोपात आणि फ्रेंचभाषक आफ्रिकेत तिचा झपाट्याने प्रसार झाला.

ही पद्धती कोवळ्या लोकशाहीला तारते की मारते, हा प्रश्न सरसकट विचारण्यात अर्थ नाही. पंतप्रधानाला घरी पाठवण्याचा अधिकार कोणाकडे, हे आधी पाहावे लागते. मॅथ्यू शुगार्ट व जॉन कॅरी यांनी १९९२ मध्ये हाच भेद केला : मंत्रिमंडळ केवळ संसदेला जबाबदार असेल तो एक प्रकार, संसद आणि अध्यक्ष दोघांनाही जबाबदार असेल तो दुसरा. दुसरा अधिक धोक्याचा मानला जातो. जर्मनीतील वायमार प्रजासत्ताक त्याचे ठळक उदाहरण. १९३० पासून तेथे संसदेला बाजूला सारून अध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालला.

पोर्तुगालने वेळीच दुरुस्ती केली. १९७६ च्या राज्यघटनेने अध्यक्षांना भरघोस अधिकार दिले होते. अध्यक्ष जनरल रमाल्यो इयानिश यांनी १९७८ मध्ये मारियू सुआरिश यांना पंतप्रधानपदावरून दूर केले आणि पाठोपाठ स्वतःच्या पुढाकाराने तीन मंत्रिमंडळे नेमली. १९८२ च्या घटनादुरुस्तीने लष्करी अधिकाऱ्यांची क्रांती परिषद बरखास्त झाली. लोकशाही संस्थांच्या सुरळीत कामकाजासाठी आवश्यक असेल तरच सरकार बडतर्फ करता येईल, असे बंधनही अध्यक्षांवर आले. पुढे समाजवादी सुआरिश स्वतः अध्यक्ष झाले आणि विरोधी पक्षाचे पंतप्रधान काव्हाकु सिल्व्हा यांच्याबरोबर १९८६ ते १९९५ त्यांचा संसार, कुरबुरींसह, टिकला.

मात्र कायद्यातील कलमेच सर्व काही ठरवत नाहीत. पहिला प्रकार स्वीकारलेल्या नायजरमध्येही १९९५ च्या संसदीय निवडणुकीत विरोधकांना बहुमत मिळाले. अध्यक्ष महामान उस्मान आणि पंतप्रधान हामा अमादू यांच्यात मंत्रिमंडळाची बैठक कोणी बोलवायची इथपासून वाद पेटला, कारभार ठप्प झाला आणि जानेवारी १९९६ मध्ये इब्राहिम बारे मैनासारा यांनी तेच निमित्त करून लष्करी उठाव केला. १९९९ मध्ये देश पुन्हा याच पद्धतीकडे वळला. २०१० चा उठाव मुदत संपूनही पदावर राहू पाहणाऱ्या अध्यक्षांविरुद्ध झाला, तर २०२३ मध्ये अध्यक्षांना त्यांच्याच रक्षक दलाने कैद केले. या दोन्ही घटनांचे मूळ अध्यक्ष-पंतप्रधान वादात नव्हते.