प्रतिकृतिसंचांची वंशावळ व जीर्णोद्धार

बाजारांत सुट्या भागांच्या रूपानें मिळणारे आणि घरीं जोडावयाचे विमानांचे व जहाजांचे संच हा विषय इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत यावा, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. सनदा, बखरी, ताम्रपट व पोथ्या यांच्या पंक्तीस मुलांचीं खेळणीं बसविण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेपहि कोणी घेईल. त्यास उत्तर एवढेंच कीं, जी वस्तु एका मुळावरून अनेक प्रतींत उतरते, जिच्या प्रतींत कालांतरानें फरक पडत जातात, जिच्यावर पूर्वीच्या हातांच्या खुणा राहतात आणि जिची दुरुस्ती करूं लागतांच मूळचें कोणतें व मागाहूनचें कोणतें हा प्रश्न उभा राहतो, ती वस्तु पोथीच्याच जातीची होय. छंद म्हणून हे संच जमविणारे व दुरुस्त करणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु पोथीच्या बाबतींत आपण जो विवेक पाळतों, तो येथें फारच थोडे पाळतात, आणि त्यामुळें चांगलें साधन हौसेपायीं नष्ट होत आहे. हें कसें घडतें तें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं थोडें. प्रतिकृति या अर्थीं पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत कन् प्रत्यय सांगितला असून, घोड्याची प्रतिकृति ती अश्वक, असें उदाहरण काशिकेंत दिलेलें आहे. त्याच प्रकरणांत पुढें, जी मूर्ति उपजीविकेचें साधन आहे परंतु विकावयाची नाहीं, तिच्या नांवांत हा प्रत्यय राहत नाहीं असें म्हटलें आहे. आणि त्यावर भाष्य करतांना पतंजलीनें द्रव्यासाठीं मूर्ति करविणाऱ्या मौर्यांचा जो उल्लेख केला आहे, तो संशोधकांस विदितच आहे. आमचे संच तर उघडउघड विक्रीचे. तेव्हां त्यांतून तयार होणाऱ्या लहान विमानास 'विमानक' म्हणण्यास व्याकरणाची हरकत दिसत नाहीं, व पुढें सोयीसाठीं हाच शब्द योजिला आहे.

ठराविक प्रमाणांत प्रतिकृति करण्याच्या उद्योगास यूरोपांत राजसत्तेच्या गरजेनें मोठें उत्तेजन मिळालें. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकीर्दींत, इ. स. १६६८ पासून, लुव्वा या मंत्र्याच्या प्रेरणेनें सरहद्दीवरील किल्ल्यांच्या प्रतिकृति ६०० व्या हिश्शाच्या प्रमाणांत करण्यांत येऊं लागल्या. इ. स. १७७७ मध्यें त्या पॅरिस येथील अँव्हालीद या इमारतींत नेण्यांत आल्या. इ. स. १८१५ त प्रशियाच्या सैन्यानें त्यांपैकीं कांहीं बर्लिनला नेल्या, व त्यांतील लील शहराची प्रतिकृति इ. स. १९४८ त परत आली. प्रत्यक्ष तटबंदी पाडली गेली तरी तिचा बुरूज कोठें होता हें लांकडाच्या व कागदाच्या प्रतिकृतीवरून समजतें, म्हणून इतिहासकारांस तिची योग्यता आहे. ६०० हें प्रमाण मनांत ठेवावें. कारण ६ फुटांचें एक त्वाझ हें फ्रेंच माप, आणि १०० त्वाझांस १ फूट, असा त्याचा हिशेब आहे. विमानकांचें रूढ प्रमाण ७२ व्या हिश्शाचें, तेंहि ६ फुटांस १ इंच याच हिशेबानें पडलेलें आहे. उभ्या माणसाची उंची हेंच उभयत्र मूळ माप. आमच्याकडे विहिरीची खोली परसांनीं, म्हणजे पुरुषांनीं, मोजतात, तोच हा न्याय.

इंग्लंडांत ७२ व्या हिश्शाचीं लांकडी विमानकें 'स्कायबर्ड्स' या नांवानें इ. स. १९३२ च्या सुमारास विक्रीस आलीं. त्यांची आंखणी जेम्स हे स्टीव्हन्स यानें केली. त्याच सुमारास 'फ्रॉग' या नांवाखालीं खरोखर उडणारीं खेळणीं निघूं लागलीं होतीं. जमिनीवरून थेट उडतें अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन तें नांव पाडलें होतें. याच कारखानदारांनीं इ. स. १९३६ त न उडणाऱ्या विमानकांचे संच काढले आणि पंख असून न उडणाऱ्या पक्ष्यावरून त्यांस 'पेंग्विन' म्हटलें. प्लास्टिकचे भाग घरीं जोडून करावयाच्या विमानकांचा आरंभ येथून धरतात. त्यांचें द्रव्य सेल्युलोज ॲसिटेट हें होतें. ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरते.

मध्यंतरीं युद्ध आलें. इ. स. १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या नौदलखात्यानें शाळांतील मुलांकडून ५,००,००० लांकडी विमानकें मागविलीं, तींहि ७२ व्या हिश्शाचींच. आकाशांत दिसलेलें विमान आपलें कीं शत्रूचें हें सैनिकांस क्षणांत ओळखतां यावें म्हणून त्यांचा उपयोग होता. हिशेब सोपा आहे. ३५ फुटांवर टांगलेलें विमानक २,५२० फुटांवरील खऱ्या विमानाएवढें दिसतें. ज्यानें आयुष्य वर्गावर घालविलें त्यास, एवढें अचूक हस्तकौशल्य शाळांकडून करवून घेतलें गेलें, ही गोष्ट लढाईच्या वर्णनाहून अधिक मनोरंजक वाटते. आणि शाळेच्या सुताराच्या पटाशीनें झालेलें तें काम आतां हौशी मंडळी चकचकीत रंगवून टाकतात, तेव्हां वाईट वाटतें. असो.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन हें द्रव्य आलें. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह यानें इ. स. १९३९ त स्थापिलेली एअरफिक्स कंपनी प्रथम हवा भरलेलीं रबरी खेळणीं करीत असे. इ. स. १९४९ त तिनें फर्ग्युसन ट्रॅक्टराची प्रतिकृति केली, इ. स. १९५२ त ड्रेक याच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचा लहान संच वूलवर्थच्या दुकानांतून स्वस्तांत विकला. आणि त्यानंतर लौकरच स्पिटफायर विमानाचा संच काढला. हा पहिला स्पिटफायर प्रत्यक्ष विमान मोजून केलेला नव्हता. अमेरिकेंतील अरोरा कंपनीचा ४८ व्या हिश्शाचा संच पुढें ठेवून तो लहान करून घेतला होता. म्हणजे ही प्रतीवरून केलेली प्रत. अशा प्रतींत मूळ प्रतींतील दोष जसेचे तसे उतरतात, आणि वंशावळ ठरवितांना तेच दोष सर्वांत उपयोगी पडतात, हें पाठचिकित्सेचा अभ्यास असणारांस सांगावयास नको.

आतां साच्यांकडे वळूं. पोलादाच्या दोन अर्ध्या साच्यांत वितळलेलें प्लास्टिक दाबानें भरून हे भाग काढतात. साचा नवा असतां कडा धारदार निघतात. तो झिजला म्हणजे दोन्ही अर्ध्यांच्या फटींतून द्रव्य बाहेर येऊन भागांभोंवतीं पातळ झालर राहते. एकाच संचाच्या पांच प्रती शेजारीं मांडल्या तर झालरीवरून व पुसट झालेल्या रेषांवरून त्यांचा क्रम बहुधा लावतां येतो. दुसरी खूण नांवाची. साच्यांत खोल कोरलेलें नांव प्लास्टिकवर उठून दिसतें. साचा विकला गेला व नव्या मालकास जुनें नांव नकोसें झालें, म्हणजे तो भाग भरून तरी काढावा लागतो किंवा सभोंवार आणखी खोल तरी करावा लागतो. दोन्ही प्रकारांत विमानकाच्या पोटाखालीं डाग वा उंचवटा राहतो. खोडलेल्या शिक्क्याइतकाच तो बोलका असतो.

याचें सर्वांत चांगलें उदाहरण फ्रॉगचेंच आहे. मूळ धनी लाइन्स ब्रदर्स ही पेढी इ. स. १९७१ त बुडाली, व फ्रॉग संचांचें उत्पादन इ. स. १९७६ त थांबलें. साचे सोव्हिएट रशियाकडे गेले आणि तेथून 'नोव्हो' या नांवानें संच निघूं लागले. परंतु जर्मनी, जपान व इटली यांच्या विमानांचे साचे रशियानें घेतले नाहींत. ते रेव्हेल कंपनीकडे गेले. एकाच ग्रंथाचीं पर्वें दोन देशांत विभागलीं जावींत आणि प्रत्येकाची स्वतंत्र परंपरा व्हावी, तसें हें झालें. पुढें नोव्होहि मोडलें व साचे तिकडील निरनिराळ्या कारखान्यांत पसरले. त्यांतील एक डोनेट्स्क येथील खेळण्यांचा कारखाना होय. तेथून आलेल्या कित्येक खोक्यांवर मूळ कंपनीचें नांव नाहीं. पुष्पिका गळालेली पोथी हातीं आली असतां आपण अक्षरवटिकेवरून व कागदावरून जें करतों, तेंच येथें रेषांवरून व झालरीवरून करावें लागतें.

हरताळाचा प्रकारहि येथें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन विमानांच्या शेपटीवर नाझी पक्षाचें स्वस्तिक असे. जर्मनींतील कायद्यामुळें तें चिन्ह पुढील काळांतील पुष्कळ खोक्यांवरून पुसलेलें व चिकटचित्रांच्या पानांतून वगळलेलें किंवा दोन तुकडे करून छापलेलें आढळतें. एअरफिक्सच्या खोक्यांवर रॉय क्रॉस यानें इ. स. १९६४ पासून सुमारें दहा वर्षें काढलेल्या चित्रांतील स्फोट, ज्वाला व पडते बाँबहि मागाहूनच्या आवृत्तींत काढून टाकलेले दिसतात. ज्यास केवळ विमानक हवें त्यास याचें कांहीं नाहीं. परंतु लोकांस काय दाखवावें व काय नाहीं याविषयींचें मत कसें बदललें याचा पुरावा त्या पुठ्ठ्यावर आहे, आणि खोकें फाटलें म्हणून फेंकून देणारे तो फेंकतात.

जीर्णोद्धाराचा पहिला नियम द्रव्य ओळखण्याचा. भूर्जपत्र, ताडपत्र आणि कागद यांस एकच उपचार कोणी करीत नाहीं. ॲसिटेटचीं जुनीं विमानकें कालांतरानें वांकतात व आकसतात. कित्येकांस शिरक्यासारखा आंबूस वास येऊं लागतो. असा वास आला कीं तें विमानक इतरांपासून दूर, हवेशीर ठिकाणीं ठेवावें, कारण ती वाफ शेजारच्यासहि बाधते. पॉलिस्टायरीनचा गोंद त्यास धरीत नाहीं. उलट पॉलिस्टायरीनवर हा गोंद चिकटत नसून दोन्ही भागांस विरघळवून एकजीव करतो; म्हणून चुकीचा सांधा पुढें सहजासहजीं उकलत नाहीं. न वापरलेल्या चिकटचित्रांचें पान पिवळें पडलें असल्यास तें खिडकीच्या कांचेस लावून कांहीं दिवस उन्हांत ठेवल्यानें पिवळेपणा पुष्कळ कमी होतो. हा उपाय निरुपद्रवी म्हणून सांगितला. रंग खरवडण्याचीं जीं तीव्र द्रव्यें छंदिष्ट लोक वापरतात, त्यांचीं नांवें येथें मुद्दाम देत नाहीं.

प्रस्तुत लेखकाकडे एका स्नेह्यांनीं आपल्या दिवंगत वडील बंधूंनीं लहानपणीं जोडलेला एअरफिक्सचा स्पिटफायर दुरुस्तीस आणला. हा पहिला नव्हे, इ. स. १९६० त निघालेला, जॉनी जॉन्सन या वैमानिकाच्या जे. ई. जे. या अक्षरांचा. पंखा मोडलेला, शेपूट निखळलेलें, एक अक्षर उलटें चिकटविलेलें, वैमानिकाच्या कांचेवर गोंदाचा अंगठा उमटलेला, आणि सर्वांगास खिडकीच्या दारांना लावतात तो हिरवा तेलरंग. "मास्तर, हें सगळें काढून अगदीं नव्यासारखें करून द्या," असें त्यांचें म्हणणें. मीं नाहीं म्हटलें. विमानकांचे रंग घरीं मिळत नव्हते, तेव्हां त्या मुलानें घरांत उरलेला डबा उघडला, ही एवढी हकीकत दुसऱ्या कोणत्याहि कागदांत नमूद नाहीं. आणि तो अंगठा तर त्या बंधूंचा स्वतःचा. स्नेही थोडे नाराज झाले. "दादाला तें बरोबर जमलें नव्हतें, तें तसेंच ठेवून त्याची फजिती कशाला?" असें ते म्हणाले, आणि या बोलण्यांतील माया मला कळत नव्हती असें नाहीं.

शेवटीं तोड निघाली ती अशी. जुनें विमानक कोमट पाण्याच्या बोळ्यानें पुसून धूळ काढली. शेपूट पाण्यांत सुटणाऱ्या गोंदानें बसविलें. पंखा नवा घातला, पण त्यास रंग दिला नाहीं; संपादक त्रुटित अक्षरें कंसांत भरतो, तशी ती भरती पाहणारास दिसली पाहिजे. काय केलें व केव्हां केलें याची चिठी पेटींत ठेवली. आणि त्याच साच्यांतून निघालेला दुसरा न जोडलेला संच मिळवून तो पत्रकाबरहुकूम, योग्य रंगांत, स्नेह्यांकडूनच जोडवून घेतला. भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम इ. स. १९१९ त हातीं घेऊन १९६६ त पुरें केलें, तेव्हां पाठ निश्चित झाला म्हणून कोणी हस्तलिखितें खरवडलीं नाहींत. शुद्ध पाठ एकीकडे छापावा व पोथी पोथीच्या जागीं राहूं द्यावी, हीच ती रीत. दोन्ही विमानकें आतां त्यांच्या कपाटांत शेजारीं शेजारीं आहेत.

येथें एक शंका राहते. न उघडलेला संच जोडलेल्याहून अधिक किंमतीस विकला जातो, मग जोडलेल्याची एवढी काळजी कां, असें विक्रेते विचारतात. बाजाराच्या दृष्टीनें तें बरोबर आहे. परंतु बंद खोक्यावरून साच्याचा इतिहास कळतो, जोडणाराचा कळत नाहीं. आणि कोरा कागद जपून लिहिलेला फाडावा असें आपण कोणीच म्हणत नाहीं.

फ्रॉगप्रमाणेंच एअरफिक्सहि अनेक हातांतून गेली. ती इ. स. १९८१ त बुडाली, १९८६ त हंब्रॉलकडे आली व २००६ त हॉर्नबीनें घेतली. यानंतरच्या कांहीं वर्षांतील तिच्या खोक्यांवर भारतांत तयार केल्याचा छाप आढळतो, म्हणजे या वंशाची एक फांदी आपल्या देशांतहि येऊन गेली. त्या काळांतील खोकीं, जोडणीचीं पत्रकें वा सुटे भाग ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं पत्रकाच्या तळाशीं छापलेलें वर्ष आणि विमानकाच्या पोटाखालील अक्षरें जशीं असतील तशीं, न पुसतां, उतरून पाठवावींत. झालर असल्यास ती कापूं नये.