कारखान्यातून अपुरी निघालेली गाडी

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, किसिमी इथे झालेल्या लिलावात १९६८ ची एक हिरवी फोर्ड मस्टँग ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पिटाळलेली ही गाडी. तोवर कुठल्याही मस्टँगला एवढी किंमत आली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात शेल्बी जीटी ३५० आर या प्रकारच्या पहिल्यावहिल्या गाड्यांपैकी एकीने हा विक्रम मोडला, ३८ लाख ५० हजार डॉलर घेऊन. या दोन्ही गाड्या 'मूळ स्वरूपातल्या' नव्हत्या. पहिलीचं सस्पेन्शन चित्रीकरणापूर्वी मॅक्स बाल्चोव्स्की या मेकॅनिकने उघडून मजबूत केलं होतं. दुसरी तर कारखान्यातून आल्यावर जवळजवळ नव्यानेच बांधलेली होती. जुन्या मसल कारचं, म्हणजे मध्यम आकाराच्या अंगात भलंमोठं इंजिन घातलेल्या अमेरिकी गाडीचं, सस्पेन्शन, ब्रेक, इंजिन बदलून ती ट्रॅकवर पळवण्यालायक करणं म्हणजे इतिहासाची विटंबना, असं मानणारा एक मोठा संग्राहकवर्ग आहे. पण या गाड्यांचा साठ वर्षांचा इतिहास तपासला तर तो नेमकं उलट सांगतो. मसल कार कारखान्यातून अपुरीच बाहेर पडत होती, हे तिच्या निर्मात्यांना ठाऊक होतं, आणि तिच्यातलं जे काही आज गौरवाने सांगितलं जातं ते बहुतेक तिला पुन्हा उघडून दुरुस्त करणाऱ्यांनी मिळवलेलं आहे.

आपल्याकडे ही जात मुख्यतः सिनेमातूनच ओळखीची झाली. शेव्हरोले हे नाव मुंबईला नवं नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. पण कंपनीने १९५४ मध्ये तो कारभार गुंडाळला आणि मसल कारचा जमाना त्यानंतर दहा वर्षांनी आला. जनरल मोटर्सच्याच पाँटियाक या शाखेत जॉन डिलोरियन आणि सहकाऱ्यांनी १९६४ साठी टेंपेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ म्हटलं. मध्यम गाडीत एवढं मोठं इंजिन घालायला कंपनीच्याच नियमांची आडकाठी होती. ती चुकवण्यासाठी जीटीओ हे वेगळं मॉडेल न करता टेंपेस्टवरचा एक जादा पर्याय म्हणून विकलं गेलं. गाडी धडाक्यात खपली आणि बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. इंजिन वाढलं, पण ड्रम ब्रेक, अरुंद टायर, भरपूर फिरवावं लागणारं ढिलं स्टिअरिंग हे सगळं कुटुंबाच्या साध्या गाडीतलंच राहिलं. सिग्नल ते सिग्नल किंवा पाव मैलाच्या सरळ शर्यतीत त्याने काही बिघडत नसे. पहिलं वळण आलं, की बिघडे.

मस्टँगची कथा याहून बोलकी आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या विकल्या गेल्या. देखणी होती, स्वस्त होती. पण आतून बरीचशी फाल्कन, म्हणजे फोर्डची साधी, काटकसरी गाडी. तिला शर्यतीची प्रतिष्ठा हवी म्हणून फोर्डच्या ली आयकोका यांनी शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कॅरल शेल्बी यांना गाठलं. एससीसीए या शर्यत संघटनेची अट होती की, गाडी दोन आसनांची असावी आणि तशा किमान १०० तरी बांधलेल्या असाव्यात. सॅन होजेच्या कारखान्यातून पांढऱ्या मस्टँग कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसला शेल्बींच्या कार्यशाळेत येऊ लागल्या. मागचं आसन निघालं, बॅटरी डिकीत गेली, इंजिनावर नवं इनटेक आणि मोठा कार्ब्युरेटर बसला, ताकद २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर गेली. पण खरी करामत इंजिनात नव्हती. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांच्या गणितानुसार पुढच्या चाकांच्या वरच्या आर्मचे बिजागर सुमारे एक इंच खाली घेतले गेले. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा मूळ रचनेत बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलंडायचं आणि टायर कडेवर चालायचा. बिजागर खाली आल्यावर चाकाचा माथा आत झुकू लागला आणि टायर रस्त्याला सपाट टेकून राहिला. पत्र्यात चार नवी भोकं, खर्च जवळजवळ शून्य. पण गाडीचा स्वभावच पालटला. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासच्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर केन माइल्स यांनी या गाडीला, म्हणजे शेल्बी जीटी ३५० ला, पहिला विजय मिळवून दिला. अठ्ठेचाळीस-पन्नास आठवड्यांपूर्वी जी गाडी बाजारातही नव्हती, तिची ही पुनर्बांधणी होती.

बिजागर खाली घेण्याचा हाच बदल पुढच्या वर्षी काढून टाकण्यात आला. १९६६ च्या सुरुवातीच्या, जुन्या साठ्यातून बनलेल्या गाड्या सोडल्या तर जीटी ३५० मध्ये बिजागर पुन्हा मूळ जागी गेले आणि मागचं आसनही परत आलं, कारण खर्च वाचत होता आणि कुटुंबवाले गिऱ्हाईक मिळत होतं. कारखान्याची रचना म्हणजे अभियंत्याचा शेवटचा शब्द, असं मानणाऱ्यांनी या उलट्या प्रवासाकडे नीट पाहावं. कारखान्याची रचना ही अभियंता, हिशेबनीस आणि विक्रेता यांच्यातली तडजोड असते. तिच्यातला हिशेबनिसाचा वाटा पन्नास वर्षांनी कमी केला, तर इतिहासाचं नेमकं काय नुकसान होतं?

१९६६ मध्येच एससीसीएने ट्रान्स-ॲम ही मालिका सुरू केली. २५ मार्चला सेब्रिंगच्या पहिल्या शर्यतीत अमेरिकन व्ही-८ गाड्यांची रांग लागली होती, आणि सर्वांच्या पुढे आली योखेन रिंट यांची अल्फा रोमिओ जीटीए. इंजिन फक्त १.६ लिटरचं! निव्वळ ताकदीचा पोकळपणा याहून स्पष्ट सांगता आला नसता. मोठ्या गटाची इंजिन-मर्यादा ५ लिटर, म्हणजे ३०५ घन इंच होती. शेव्हरोलेकडे त्या मापाचं इंजिन नव्हतं, आणि कंपनीचं शर्यतीत उघडपणे न उतरण्याचं धोरण होतं. शेव्हरोलेच्याच विन्स पिगिन्स यांनी वाट काढली: ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँकशाफ्ट बसवला आणि ३०२ घन इंचांचं इंजिन झालं. त्यातून कॅमारो झेड/२८ जन्मली. म्हणजे आज पूजनीय मानलं जाणारं हे 'मूळ' इंजिन दोन वेगळ्या इंजिनांचे भाग जुळवून केलेलं आहे. १९६७ च्या झेड/२८ मध्ये ट्यूबचे एक्झॉस्ट हेडर मागवले तर ते डिकीत टाकून पाठवले जात. बसवायचे डीलरने किंवा गिऱ्हाइकाने. १९६८ मध्ये मागच्या चाकांचं उडणं थांबवण्यासाठी कंपनीने एक शॉकअब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवायला सुरुवात केली, तेही वर्षभर तक्रारी ऐकल्यावर. १९६९ ला चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळू शकत होते. ते जेमतेम २०० गाड्यांवर बसले. डिकीत सुटे भाग टाकून गाडी विकणारा कारखाना, ही गाडी आता पूर्ण झाली असं म्हणत नसतो.

मग रॉजर पेन्स्की यांच्या संघाने आणि मार्क डोनोह्यू यांनी तिचं काय केलं, हे सर्वश्रुत आहे. डोनोह्यू ब्राउन विद्यापीठातून शिकलेले अभियंते. स्वतः चालवायचे आणि स्वतःच मोजमाप करायचे. त्यांच्या एका कॅमारोचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेला होता, हे नियमांच्या कोणत्या बाजूला बसतं यावर आजही वाद घालता येईल. १९६८ मध्ये १३ पैकी १० शर्यती त्यांनी जिंकल्या, आणि १९६८ व १९६९ ची विजेतेपदं शेव्हरोलेकडे आली. १९७० ला बड मूर यांच्या बॉस ३०२ मस्टँगनी, पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉल्मर यांच्या हातून, विजेतेपद फोर्डकडे खेचलं. पाच-सहा वर्षांत वळणावर हसू होणारी गाडी वळणावर जिंकू लागली होती. पण हे ज्ञान शोरूमपर्यंत पुरतं पोचलंच नाही. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, १९७१ च्या इंजिनांतलं घटवलेलं कॉम्प्रेशन, तरुण चालकांवर लादलेले जबर विम्याचे हप्ते आणि १९७३ ची तेलबंदी यांनी मसल कारचा खेळ आटोपला.

पुढच्या दशकात या गाड्या स्वस्त, सेकंडहँड झाल्या. मग त्या चालवलेली पिढी पैसेवाली झाली आणि किमती चढल्या. इंजिनावरचा क्रमांक आणि चासीचा क्रमांक जुळतो का, हा प्रश्न त्या बाजाराने मध्यभागी आणला. तो गैर नाही. दुर्मिळ वस्तूची शहानिशा झालीच पाहिजे. पण त्याचे दुष्परिणामही झाले. १९६७ ते १९६९ च्या कॅमारोच्या चासी क्रमांकावरून गाडी सहा सिलिंडरची की व्ही-८, एवढंच कळतं. ती झेड/२८ आहे की नाही हे कळत नाही. त्यामुळे साध्या कॅमारोला पट्टे रंगवून, इंजिनावर नवे क्रमांक ठोकून तिची 'मूळ' झेड/२८ करण्याचा धंदा फोफावला. मूळपणाच्या अट्टहासातून खोटेपणाला बरकत आली. उघडपणे बदललेल्या गाडीला असं खोटं बोलायचं काही कारण नसतं.

नव्वदच्या दशकात जनरल मोटर्समध्येच अभियंते असलेले मार्क स्टीलो १९६९ च्या कॅमारो नव्याने बांधू लागले आणि ब्रॉक येट्स यांनी सुरू केलेल्या 'वन लॅप ऑफ अमेरिका' स्पर्धेत उतरले. या स्पर्धेत देशभरच्या अनेक ट्रॅकवर धावायचं आणि एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर त्याच गाडीने हजारो किलोमीटर रस्त्यानेच जायचं, त्यामुळे नुसती ट्रेलरवरची शर्यती गाडी चालत नाही. या शैलीला 'प्रो-टूरिंग' म्हणतात. तिची कामं पाहा: कॅमारोची पुढची सबफ्रेम रबरी बुशांवर बसते आणि मागच्या पत्र्याशी तिचा धड सांधा नसतो, म्हणून दोन्ही जोडणारे दांडे घालून सांगाडा कडक करायचा, मागचे पाटे ब्रेकच्या किंवा इंजिनाच्या झटक्याने पिळवटतात, म्हणून त्यांच्या जागी चार दुवे आणि कॉइलओव्हर घालायचे, पुढे मोठे डिस्क, १४-१५ इंची चाकांऐवजी १८ इंची, रॅक-पिनियन स्टिअरिंग. आणि पुढच्या वरच्या आर्मचा बिजागर खाली घ्यायचा. कॅमारोवर या बदलाला 'गुल्डस्ट्रँड मॉड' म्हणतात, पेन्स्कींसाठी शर्यती चालवलेल्या डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने. म्हणजे आर्निंग यांचंच गणित, दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: त्या काळचे बदल त्या काळच्या भागांनी आणि ५ लिटरच्या मर्यादेत झाले, आजचा गॅरेजवाला जनरल मोटर्सचं १९९७ नंतरचं ॲल्युमिनियमचं एलएस इंजिन आणि संगणक बसवतो, मग उरतो तो जुन्या पत्र्याचा मुखवटा. यात अर्धं तथ्य आहे. नियमांची मर्यादा नसली की शिस्त सुटते, आणि हजार अश्वशक्तीच्या अनेक गाड्या ट्रॅकवर तीन फेऱ्यांत तापून बाजूला उभ्या राहतात. ताकदीची जुनी हावच ती. पण एलएस परकं इंजिन नाही. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, व्हॉल्व्ह पुशरॉडनेच उघडतात, आणि दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर शेव्हरोलेच्या १९५५ च्या पहिल्या 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इतकंच, ४.४ इंच. वर ते हलकं असल्याने गाडीचं जड नाक हलकं होतं, आणि वळणाच्या दृष्टीने तोच खरा फायदा. जिथे मागचा सलग ॲक्सलही काढून स्वतंत्र सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक पकड-नियंत्रण येतं, तिथे मात्र मी आक्षेपकांच्या बाजूने आहे; अशा गाडीला देखणी नवी गाडी म्हणावं. आणि केवळ फेरीची वेळ कमी करायची असेल तर शेवटच्या पिढीची कॅमारो घेणं शहाणपणाचं आहे, तेही कमी खर्चात.

वारसा नष्ट होतो, हा दुसरा आक्षेप आकड्यांपुढे टिकत नाही. १९६७ मध्ये सुमारे २ लाख २० हजार कॅमारो बनल्या, त्यांतल्या झेड/२८ फक्त ६०२. १९६९ ला सुमारे २ लाख ४३ हजारांपैकी झेड/२८ जेमतेम २० हजार. बाकीच्या लाखो गाड्यांपैकी बहुतेक साध्या, सहा सिलिंडरच्या किंवा छोट्या व्ही-८ च्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक गंजून भंगारात गेल्या. ट्रॅकसाठी गाडी बांधणारा बहुधा अशाच एखाद्या टाकाऊ सांगाड्यापासून सुरुवात करतो. हल्ली तर पहिल्या पिढीच्या कॅमारोचा नवा कोरा पोलादी सांगाडाही विकत मिळतो. तेव्हा नियम साधा असावा. ६०२ पैकी जी उरली असेल, किंवा जिच्यावर शर्यतीचा इतिहास आहे, तिला हात लावू नये. बाकीच्या खुशाल कापाव्यात, पण काढलेला भाग जपून ठेवावा आणि काय, कधी, का बदललं याची वही गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्यावी. शेल्बींच्या गाड्यांची क्रमांकवार नोंद त्यांच्या चाहत्यांच्या क्लबने १९७५ पासून सांभाळली आहे. प्रो-टूरिंग गाड्यांची तशी नोंद बांधणाऱ्यांनी आताच ठेवायला घ्यावी.